उडी तीच हवी

जुना व्हिडिओ गेम नव्या यंत्रांसाठी पुन्हा बाजारात आला की दोन तऱ्हेचे लोक नाक मुरडतात. एक म्हणतात, हा शिळ्या कढीला आणलेला ऊत. कंपन्यांना नवं सुचेना म्हणून आठवणी विकायला काढल्या. दुसरे म्हणतात, आणायचाच तर मुळापासून नवा करा. ठिपक्याठिपक्यांचा तो मारिओ आजची पोरं ढुंकूनही पाहणार नाहीत. पहिल्यांना खेळ मेला तरी चालतो, दुसऱ्यांना तो ओळखू आला नाही तरी चालतो. तिसरा पक्ष माझ्या आजूबाजूलाच ऐकू येतो: कामठीत बसून ही उठाठेव तुला कशाला? जपान-अमेरिकेच्या खेळांचं आपल्याला काय?

या तिसऱ्याला आधी उत्तर देतो. कन्हान नदीकाठी इंग्रजांनी १८२१ साली वसवलेली ही छावणी. विणकर, विडी कामगार, खाणीवर जाणारे, गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रातले जवान, असं मिश्र गाव. नव्वदच्या दशकात इथे व्हिडिओ गेम आला तो ‘लिटल मास्टर’सारख्या यंत्रांतून, म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकलेतून. कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९९९९९ इन १’. आत खरे खेळ दहा-वीस, बाकी तेच पुन्हा नाव बदलून. ज्याच्या दुकानात टीव्ही, तिथे तासाच्या हिशेबाने पैसे मोजायचे. पैसे संपले की मागे उभं राहून ‘एक चान्स दे ना बे’ म्हणत ताटकळायचं.

पुढे कॉम्प्युटर क्लास निघाले आणि डॉसवर ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आले. सर बाहेर गेले की ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून खेळ सुरू व्हायचा, कारण त्यानं फसवायच्या सगळ्या वाटा उघडत. पहिली लेव्हल संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली लागायची. खेळासोबतच्या छापील पुस्तिकेत बघून योग्य अक्षराची बाटली प्यायची, असा तो चोरट्या प्रतींसाठी लावलेला सापळा होता. पुस्तिका आमच्याकडे कुणाचीच नव्हती. मग कुणीतरी नागपूरहून कुलूप तोडलेली फ्लॉपी आणायचा आणि ती साऱ्या क्लासभर फिरायची. ज्या पिढीच्या हातापायांत हा राजपुत्र इतका मुरला, तिचा त्यावर हक्क नाही म्हणणं मला पटत नाही. तेव्हा चोरीची प्रत हाच एक रस्ता होता. आज तोच खेळ सरळ, परवडेल अशा दामात मागणारा माणूस ग्राहक आहे, त्याची मागणी रास्त आहे.

आता शिळ्या कढीवाले. त्यांना वाटतं, जुने खेळ जिकडेतिकडे पडलेत आणि कंपन्या त्यांनाच पुन्हा पुन्हा उकळवतात. वस्तुस्थिती उलटी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकतच मिळत नव्हते. म्हणजे उकळली जातात ती मोजकी गाजलेली नावं, बाकीचं तळघरात सडतंय. सडण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज तुकड्यांतच उरलाय, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटची कितीतरी रिळं गेली. फ्लॉपीला आगही लागत नाही, ती कपाटात आपोआप मुकी होते. खुद्द ‘प्रिन्स’च्या मूळ सोर्स कोडचं तेच होणार होतं. हा खेळ घडवणाऱ्या जॉर्डन मेक्नरनं तो हरवला असं धरलं होतं. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला, जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेक्नरनं कोड सर्वांना पाहायला खुला केला. सोबत हेही बजावलं की पाहा, शिका, पण खेळाचे हक्क युबीसॉफ्ट या कंपनीकडे आहेत. नशीब बलवत्तर, म्हणून कोड राहिला. बाजारात विकला जाणारा खेळ मात्र नशिबावर राहत नाही, त्याची प्रत कुणीतरी पगार घेऊन जपतो.

‘इंटरनेटवर फुकट मिळतोच की’ हेही याच पक्षाचं म्हणणं. मिळतो. चोरट्या प्रती करणाऱ्यांनी आणि हौशी लोकांनी कंपन्यांपेक्षा जास्त खेळ वाचवले, हे कबूल न करणं कृतघ्नपणाचं होईल. पण कायद्यापासून लपून केलेलं जतन किती दिवसांचं? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम हा साहित्यकृती मानला जातो आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं त्याचे हक्क राहतात. तितकी वाट पाहायची तर आमची नातवंडंही म्हातारी होतील.

पहिल्या पक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी दडपणार नाही. लोभ आहे. निन्टेंडोनं सप्टेंबर २०२० मध्ये ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ काढला, तीन जुने खेळ एकत्र, साठ डॉलरला, आणि ३१ मार्च २०२१ नंतर तो विकायचाच बंद केला. सेगानं २०२२ मध्ये ‘सोनिक ओरिजिन्स’ आणताना आधी सुटे मिळणारे जुने सोनिक ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले. याला पुनर्जन्म म्हणता येणार नाही, ही साठेबाजी झाली. तिचा निषेध करावा. पण व्यापारी लबाड निघाला म्हणून धान्यावर राग काढू नये.

माझं खरं भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे, सगळं नवं करा म्हणणाऱ्यांशी. ते सुशिक्षित असतात, चांगल्या हेतूनं बोलतात, आणि नेमका खेळाचा गाभाच कापून टाकतात.

प्लॅटफॉर्म गेम म्हणजे उडीचा खेळ. उडी किती लांब, किती उंच, बटण दाबल्यावर किती क्षणांनी, यावर बाकीचं सारं मोजून बांधलेलं असतं: खड्ड्याची रुंदी, खिळ्यांची जागा, कात्रीसारख्या पात्यांचा ताल. मेक्नरनं १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना, लटकताना चित्रित केलं आणि चौकटी गिरवून राजपुत्र घडवला. म्हणून त्याला वजन आहे. तो पळता पळता एकदम थांबत नाही, घसरतो. उडी कड्याच्या आधीच ठरवावी लागते. घाई केली की मरण, आणि वर ६० मिनिटांचं घड्याळ. १९८९ सालच्या या खेळात चित्रं बदलून चालतील, पण ही घसरण काढली तर दुसराच खेळ उरतो. ‘क्रॅश बँडिकूट’चे पहिले तीन भाग २०१७ मध्ये सुंदर रूपात आले, तेव्हा जुन्या खेळाडूंनी लगेच ओळखलं की उडी निराळी पडतेय. बनवणाऱ्यांनीही ते मान्य केलं. डोळ्यांनी दिलेली शाबासकी अंगठ्यांनी परत घेतली.

वेगाचंही तेच. सोनीनं २०१८ मध्ये छोटा ‘प्लेस्टेशन क्लासिक’ काढला, त्यात काही खेळ ५० हर्ट्झच्या युरोपी आवृत्तीतले घातले. ६० हर्ट्झवर वाढलेल्या लोकांना ते मंद वाटले आणि त्यांनी आरडाओरडा केला. (आपले जुने टीव्हीही ५० हर्ट्झचेच. आपण तक्रार कुणाकडे करणार होतो?)

या वादाचं सर्वांत महागडं उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. युबीसॉफ्टनं २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला, २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला, आणि या दोघांकडे २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा मुळापासून नवा अवतार करायचं काम दिलं. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची झलक दाखवली. चित्रं जुनाट दिसतात म्हणून जगभर टिंगल झाली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलला नेलं, तेव्हा अनेकांनी निकाल देऊन टाकला: भारतीयांना झेपलं नाही. हे आपल्याकडचेही पुष्कळ लोक बोलले, बोलताना त्यांना थोडं बरंही वाटत होतं. पुढे काय झालं? मूळ खेळ मॉन्ट्रियलनंच घडवला होता. त्यांना साडेतीन वर्षांहून जास्त मिळाली, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं तो प्रकल्पच गुंडाळला. दोष हातांचा असता तर हात बदलल्यावर गेला असता. दोष बेताचा होता. ज्यांना तोच खेळ हवा होता, त्यांना आजच्या मोठ्या खेळांच्या तोडीचं काहीतरी द्यायचं ठरलं. त्यात पैसा बुडाला, पुण्या-मुंबईच्या पोरांचं नाव खराब झालं.

दरम्यान २००३ चा मूळ खेळ ऑनलाइन दुकानांत मिळतो, पण आजच्या रुंद पडद्यावर धड बसत नाही. चाहत्यांनी लिहिलेल्या दुरुस्त्या घालाव्या लागतात. एवढी डागडुजी कंपनीनं स्वतः केली असती, तरी वीस वर्षं वाट पाहणारे खूश झाले असते.

माझ्या बाजूचे कडवे लोकही मला मान्य नाहीत. त्यांना सोयींचा विटाळ होतो. मधेच सेव्ह करणं, चूक झाली की खेळ मागे फिरवणं म्हणजे म्हणे भ्रष्टाचार. अहो, ‘सँड्स ऑफ टाइम’मधल्या राजपुत्राच्या हाती वेळ मागे फिरवणारा खंजीरच होता, त्याच्यावर तो खेळ उभा आहे! आणि मेगाहिट टाइप करून खेळलेल्यांनी आजच्या दहा वर्षांच्या मुलीला शुद्धतेचे धडे द्यावेत, हे जरा जास्तच झालं. सोय द्या, बंद करायची कळही द्या. उडीला मात्र हात लावू नका.

हे जमतं, याचा दाखला मेक्नरच्याच आधीच्या खेळाचा. डिजिटल एक्लिप्सनं २०२३ मध्ये ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ काढला. १९८४ चा ‘कराटेका’ त्यात जसाच्या तसा खेळता येतो. शेजारी अर्धवट सोडलेले कच्चे खर्डे, प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार, मेक्नर बापलेकांच्या गप्पा, आणि वेगळी नवी आवृत्तीही. नव्यानं जुन्याची जागा घेतलेली नाही, ते बाजूला बसलंय. आपल्याकडच्या नव्या कामालाही जुन्याची अशीच ओळख लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला. भिंतींवरून पळणाऱ्या, खांबांना लटकणाऱ्या त्या मुलीच्या चालीत राजपुत्र सरळ दिसतो. जुना खेळ हाताशी नसेल तर पुढची ‘राजी’ करणारे शिकणार कुठे?

तेव्हा युबीसॉफ्टला सांगणं एवढंच. मोडलेला बेत पुन्हा जोडू नका. १९८९ चा आणि २००३ चा, दोन्ही खेळ आहेत तसे, साध्या लॅपटॉपवर आणि फोनवर चालतील असे, कायम विक्रीला ठेवा, आणि कामठीच्या पोराच्या खिशाला झेपेल अशी किंमत लावा. काम पुण्यालाच द्या. या वेळी झेपेल असं द्या.