ओढ्याचा काठ आणि कागदावरचा हुकूम

ओढ्याचा काठ दप्तरांत राखीव लिहिला म्हणजे तो राखला गेला, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज किती फोल आहे, हें ऑस्ट्रेलियांतील एका चिमुकल्या प्रवाहाच्या हकीकतीवरून कळून येतें.

सन १७८८ च्या जानेवारींत कॅप्टन आर्थर फिलिप यानें इंग्लंडांतून आणलेले कैदी व शिपाई सिडनीच्या खाडीवर उतरविले. येथें वालुकाश्मांतून झिरपणाऱ्या गोड्या पाण्याचा एक ओढा समुद्रास मिळत होता. गादिगल लोक त्याचें पाणी पूर्वापार वापरीत आले होते. सिडनी शहर वसलें तें या ओढ्यामुळेंच. फिलिपनें दोहों काठांस सुमारें ५० फुटांचा पट्टा राखून तेथील झाडें तोडण्यास मनाई केली. पुढें अवर्षण पडलें, तेव्हां काठच्या खडकांत पाणी सांठविण्यासाठीं टाकीं खोदविलीं. त्यावरून ‘टँक स्ट्रीम’, म्हणजे टाक्यांचा ओढा, हें नांव पडलें.

डिसेंबर १७९२ मध्यें फिलिप मायदेशीं निघाला. त्याच्यामागून फ्रान्सिस ग्रोस याच्या हातीं कारभार आला, आणि राखीव पट्ट्यांत घरें बांधण्यास परवानगी मिळूं लागली. घरांमागें डुकरांचीं खोपटीं आलीं, पाणी नासलें. पुढें गव्हर्नर किंग यानें ओढ्यांत घाण टाकणाराचें घर पाडण्याचा कडक हुकूम काढला. परंतु गेलेला काठ हुकुमानें परत आला नाहीं. सन १८२६ मध्यें तें पाणी पिण्याचें सोडावें लागलें. मग जॉन बझबी याच्या देखरेखीखालीं कैद्यांनीं १८२७ पासून १८३७ पर्यंत खपून, लॅकलन दलदलीचें पाणी शहरांत आणण्यासाठीं सुमारें सव्वादोन मैलांचें भुयार खोदलें. आज मूळ ओढा शहराच्या रस्त्यांखालून पावसाचें पाणी वाहून नेणारें बंदिस्त गटार होऊन राहिला आहे.

यांत ओढा बुडवावा असें कोणाच्याहि मनांत नव्हतें. जो तो आपल्यापुरती थोडी जागा घेत गेला. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. तेथें पाहिलें तेंहि असेंच. नकाशावर ओढा रुंद, आणि जागेवर दरसाल नांगराचें एकेक तास काठाकडे सरकलेलें! अशा वेळीं सरकारनें कायदा कडक करावा असें जो तो म्हणतो. आमचें मत निराळें आहे. कायदा नुकसानीच्या मागून येतो. काठ आधींच गेलेला असतो. म्हणून ज्याचें शेत ओढ्यास लागून आहे, त्यानें यंदाच्या नांगरटींतच चार हात मागें फिरावें आणि ती पट्टी गवताझाडांस सोडावी. दहा वर्षें भुयार खोदण्यापेक्षां हें पुष्कळच स्वस्त आहे.