प्रभागाची रेघ कोण ओढणार?

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठी नावाच्या खाली उर्दूतही नाव आहे. त्यावरून पेटलेला वाद १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि उर्दू कायम राहिली. तेव्हा चर्चा रंगली ती कोण जिंकले, कोण हरले याची. तो वाद कोणत्या वाटेने दिल्लीला पोहोचला, हे फारसे कोणी पाहिले नाही. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली. पाटीवर १९५६ पासून उर्दू आहे, असे सांगत सभागृहाने फेब्रुवारी २०२० मध्ये बहुमताने ती फेटाळली. जिल्हाधिकाऱ्यांनी हरकत उचलून धरली, तर अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. मग नागपूर खंडपीठ, मग सर्वोच्च न्यायालय. मधल्या काळात, २०२२ मध्ये, विधिमंडळाने स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा केला. न्यायालयाने त्यातला शब्दन् शब्द तपासला आणि सांगितले की मराठी सक्तीची आहे, पण सोबत दुसरी भाषा वापरायला बंदी नाही.

संविधानाचे राज्य चालते ते असे. कोणाचाही शब्द अखेरचा नाही आणि प्रत्येकाच्या अधिकाराला लिखित हद्द आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी हीच रचना मांडली: कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि तिघांचीही एकमेकांवर नजर. घटनेत न बसणारा कायदा न्यायालय रद्द करू शकते, हे तिथे १८०३ च्या मार्बरी खटल्याने पक्के केले. त्या रचनेतली आणखी एक गोष्ट आम्हाला आज सर्वांत मोलाची वाटते: मुदत. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते म्हणजे होतेच. १८६४ मध्ये यादवी युद्ध ऐन भरात असतानाही लिंकन यांनी मतदान पुढे ढकलले नाही.

आपल्या संविधानानेही ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत घालून दिली. ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे कलम २४३-यू सांगते आणि २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावूनही सांगितले. प्रत्यक्षात काय झाले? अकोला महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षे शहराला सभागृहच नव्हते. राज्यभर हीच गत होती. पातूरच्या पाटीचा वाद आधी लोकांनी निवडलेल्या सभागृहात मांडला गेला, मतदान झाले, ठराव झाला. प्रशासकाच्या राजवटीत ही पहिली पायरीच नाहीशी होते. टिप्पणी प्रशासनाची, ठराव प्रशासकाचा, बिलही त्याच कार्यालयातून निघणार. नळाला चार दिवस पाणी आले नाही, नाली तुंबली, तर वॉर्डातल्या बाईने कोणाचे दार ठोठावायचे?

कोविड आला, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न उभा राहिला, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या विकास गवळी निकालाने आरक्षणासाठी समर्पित आयोग आणि आकडेवारी सक्तीची केली. तो खटला आपल्याच वऱ्हाडातून, वाशिमहून गेला होता. ओबीसींना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे. म्हणूनच आकडेवारी वेळेत गोळा करणे हे सरकारचे काम होते. ते रेंगाळले आणि ओबीसींसकट सगळेच प्रतिनिधित्वाला मुकले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. तीही मुदत पुढे वाढवावी लागली.

आता निवडणुका झाल्या, गुलाल उधळला गेला, म्हणून धोका टळला असे मानू नका. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. तोही एकमताने; एकाही पक्षाला हा आयोगाच्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटला नाही, याचे आम्हाला आजही दुःख आहे. प्रभागांचा आकडा सत्तेच्या हाती असला की काय होते, तेही दिसले. मुंबईचे २२७ प्रभाग आघाडी सरकारने २३६ केले होते, ते पुढच्या सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७ वर आणले आणि प्रकरण न्यायालयात अडकले.

धुऱ्याचे भांडण लागले तर मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस येतो, भांडणारा शेजारी साखळी धरत नाही. एवढी साधी गोष्ट अमेरिकेतही पाळली गेली नाही. तिथे बहुतेक राज्यांत मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळेच आखतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी पक्षाच्या सोयीची आखणी मंजूर केली आणि त्यांचे नाव त्या खोडीला कायमचे चिकटले. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता सीमा बदलल्या, कॅलिफोर्नियाने तसेच उत्तर दिले.

२०२७ ची जनगणना जातनिहाय होणार आहे. तिचे आकडे आले की प्रभाग नव्याने आखावे लागतील, आरक्षणाचे गणित बदलेल आणि २०३०-३१ मध्ये या सभागृहांची मुदत संपत आलेली असेल. लांबणीवर टाकायची सगळी कारणे तेव्हा एकाच वेळी हाताशी असतील. प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला परत द्या. मुदत संपण्याआधी किती महिने रचना, हरकती आणि आरक्षण सोडत पूर्ण व्हायला हवी, ते कायद्यात लिहा. निवडून आलेल्या नगरसेवकांनी, अकोल्यापासून मुंबईपर्यंत, या मागणीचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत करावा आणि आपल्या आमदाराकडे त्याचे लेखी उत्तर मागावे.