गीत मंडळीचं की माईकचं?

परवा आमच्या नात्यातल्या एका आजींचा दफनविधी होता. दुपारचं ऊन. कबरस्तानात वीज कुठली? त्यामुळे कीबोर्ड नाही, माईक नाही. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. रेव्हरंड टिळकांचं, आमच्या पिढीने लहानपणापासून गायलेलं. गायकवृंदातली आठ-दहा मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने मोबाईल काढला, तर रेंज नाही. दर रविवारी ज्यांच्या आवाजाने चर्चच्या काचा थरथरतात, त्यांना एक कडवं येईना. शेवटी मागे दगडावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने बसल्या जागेवरूनच सुरुवात केली. आवाज फाटका, पण शब्द एकही चुकला नाही. आम्ही साठीपुढच्या बायका तिच्यामागून गायलो. मुलं मान खाली घालून उभी होती.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज जरा भांडणाच्या सुरात लिहिते आहे. नातेवाईकांनी रागावू नये. ज्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींना चर्चमधलं काही ठाऊक नाही त्यांनीही वाचावं. भजनी मंडळांची गोष्ट याहून फार वेगळी नसावी.

माझं म्हणणं एवढंच, की गीत मंडळीचं असतं, गायकवृंदाचं नाही. (चर्चमध्ये उपासनेला जमतात त्या सगळ्यांना आम्ही 'मंडळी' म्हणतो.) गायकवृंदाचं काम मंडळीला गायला लावणं. मंडळीला ऐकवणं नव्हे.

आता काय चालतं ते बघा. शनिवारी सरावाला यूट्यूबवरचं एखादं गाणं निवडायचं, मुख्य गाणाऱ्याच्या गळ्याला सोयीची पट्टी धरायची आणि रविवारी मोठ्या स्पीकरवर लावून द्यायचं. त्या पट्टीत आम्हा बायकांचा आवाज पोचत नाही, पुरुषांचा खाली उतरत नाही. मग मंडळी उभी राहते आणि ओठ हलवते. 'उपासना संगीत' पिशवीतून येतं आणि पिशवीतून परत जातं.

यावर मुलं म्हणतात, "आजी, जुनी गाणी लावली की तरुण येत नाहीत." आणि वडीलधारे म्हणतात, "जुन्या चालीला हात लावाल तर याद राखा." मला विचाराल तर हे दोघे मिळूनच गीतं मारताहेत. एक त्यांना टाकून देतो, दुसरा कपाटात कुलूप लावून ठेवतो.

आधी वडीलधाऱ्यांशी बोलते. चाल म्हणजे पवित्र शास्त्र नव्हे. जॉन न्यूटनचं 'अमेझिंग ग्रेस' १७७९ साली छापलं गेलं, पण आज जगभर गातात ती चाल त्याला अमेरिकेत १८३५ साली जोडली गेली. मधली ५६ वर्षं लोक दुसऱ्याच चालींवर गात होते, आणि कुणाचा विश्वास बुडाला नाही. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाने १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं ते ओवीत, कारण इथल्या माणसाच्या गळ्यात ओवी होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांनी अभंग, पदं लिहिली, तुकोबांचं बोट न सोडता लिहिली. त्या काळी ते नवंच होतं! तुमची हार्मोनियमसुद्धा पॅरिसची, १८४० च्या दशकातली. तेव्हा 'आपलं जुनं' म्हणताना जरा जपून.

आणि काही भाषांतरित गीतांत इंग्रजी चालीपायी मराठीचे काय हाल झालेत ते ऐका. 'दया' मधला 'द' तीन मात्रा ओढला की 'दाऽया' होतो. मी बत्तीस वर्षं वर्गात ऱ्हस्व-दीर्घ घासून घेतलं, आणि रविवारी स्वतःच 'दाऽया' म्हणायचं!

आता मुलांशी. बाळांनो, जुनं गीत कंटाळवाणं नसतं, तुम्ही ते कंटाळवाणं गाता. पहिल्या कडव्यापासून सहाव्यापर्यंत एकच ठेका, एकच आवाज. त्याच्याशी खेळून तर बघा.

थोरल्या अभंगाची अक्षरं बोटांवर मोजा, सहा, सहा, सहा, चार. म्हणजे एका अभंगाची चाल दुसऱ्याला बसते. पुनरुत्थानाच्या पहाटे तोच अभंग भूपाळीच्या अंगाने गा, संध्याकाळी संथ गा. एक ओळ बायकांनी म्हणावी, दुसरी पुरुषांनी. जात्यावर दोघी बसायच्या तेव्हा असंच चालायचं. उत्तम शुक्रवारी सात उद्गारांचं वाचन होतं, तर प्रत्येक उद्गारानंतर एकाच गीताचं एकेक कडवं घ्या आणि मग थोडं गप्प बसा. शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं बंद करा. मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू येऊ दे. कित्येकांनी तो वर्षानुवर्षं ऐकलेला नाही.

यातलं थोडं आम्ही गेल्या उत्तम शुक्रवारी करून पाहिलं. दुसऱ्या कडव्याला गोंधळ झाला, खोटं कशाला सांगू. एक गृहस्थ नंतर म्हणाले, "बाई, हे चर्च आहे, भजनी मंडळ नाही." मी म्हटलं, "दादा, अहमदनगरला एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत होते. त्यांना सांगायला हवं होतं तुम्ही." ते हसले नाहीत. पण पाचव्या कडव्याला, ढोलक थांबल्यावर, तेही गात होते. मी पाहिलंय.

नव्या गाण्यांवर माझा राग नाही. टिळक एकदा नवेच होते. रागाचं कारण वेगळं आहे. माझं माहेर जालन्याकडचं. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण गीतं तोंडपाठ. चुलीपाशी, आजारपणात, वडील गेले त्या रात्री, तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं, तेवढंच होतं. पडद्यावर झळकणारे शब्द पडदा विझला की जातात. ज्या मुलांना आपण फक्त ऐकायला शिकवतो, त्यांच्या अशा रात्री त्यांच्यापाशी काय असणार?

म्हणून गायकवृंदाला माझी एकच मागणी आहे. प्रत्येकाने या सुट्टीत एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी जावं आणि एक गीत पाठ करून यावं. पुस्तक न उघडता, माईक न धरता. चहा आम्ही देऊ.

दोघीजणी कालच येऊन गेल्या. एकीला चाल जमली, दुसरीला शब्द. परत या म्हटलंय. पुढचा दफनविधी कदाचित माझाच असेल, आणि त्या कबरस्तानात अजूनही वीज नाही...

असो. तुमच्याकडे काय गातात, आणि कोण गातं, कळवा.