प्रवेश मिळाला, पुस्तकाचे काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ अशा तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार ई-जर्नल्स, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक, असे तिचे आकडे आहेत. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरूही झाली. परदेशी जर्नलमधला एक लेख वाचायला दोन-तीन हजार रुपये मागितले जातात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या योजनेचे मोल कळेल. आम्ही तिचे स्वागतच करतो. पण पुण्यात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपर्यंत यातले किती पोहोचते, हा प्रश्न विचारल्याशिवाय स्वागत पुरे होत नाही.

ग्रंथालय हा आपल्यासाठी सोयीचा विषय नाही, हक्काचा आहे. १८४८ साली याच पुण्यात दोन गोष्टी घडल्या. शहरात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. आणि जोतिराव-सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना ग्रंथ वाचायचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा त्या निबंधातला सवाल होता. बाबासाहेबांनी न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत दिवसचे दिवस काढले, राजगृह बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. आरक्षण आपल्याला वर्गाच्या दारापर्यंत आणते. वर्गात टिकवण्याचे काम पुस्तक करते.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत तेही होते. त्यांच्याच नावाने विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय ओळखले जाते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या भाषेत आता ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' म्हणतात. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. हे नाव मिळवायला चळवळीला झगडावे लागले. आता त्या नावाला साजेशी ग्रंथालय सेवा प्रत्येक विद्यार्थ्याला मिळते का, हे तपासणेही चळवळीचेच काम आहे.

पहिला मुद्दा, योजनेच्या आत कोण आणि बाहेर कोण? मंजुरीच्या वेळच्या सरकारी निवेदनात केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था असे शब्द आहेत. महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. इथे महाविद्यालये प्रामुख्याने शिक्षणसंस्था चालवतात. फर्ग्युसन डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे, स. प. शिक्षण प्रसारक मंडळीचे, मॉडर्न प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन सोसायटीचे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांचा मोठा भाग असाच आहे. पगार शासन देते, व्यवस्थापन संस्थेचे. मग गणेशखिंडच्या आवारात एम.ए. करणाऱ्याला जे जर्नल उघडता येते, ते जुन्नर किंवा संगमनेरच्या महाविद्यालयात तोच अभ्यासक्रम शिकणाऱ्याला उघडता येईल याची हमी कुठे आहे? पदवी एकाच विद्यापीठाची, परीक्षा एकच, वाचायला मिळणारे मात्र वेगळे. महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचा 'एन-लिस्ट' हा वेगळा कार्यक्रम आहे. आपले महाविद्यालय त्याचे सभासद आहे का, हे किती विद्यार्थ्यांना माहीत असते? सभासद असूनही विद्यार्थ्यांना लॉगिन दिलेच नाही, तर ती वर्गणी कागदावरच राहते.

दुसरा मुद्दा भाषेचा. १३ हजार जर्नल्स मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची आहेत, म्हणजे जवळजवळ सगळी इंग्रजीत. विज्ञान शाखेला त्याचा थेट उपयोग आहे. पण समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, मराठी आणि पाली या विषयांकडे आपली मुले मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांतली अनेक जण बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. त्यांना हवी असते 'समाज प्रबोधन पत्रिका', 'नवभारत', 'अस्मितादर्श'चे जुने अंक, 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'ची पाने. ही सामग्री सहा हजार कोटींच्या हिशेबात येत नाही. ती जपणे, स्कॅन करणे, तिची सूची करणे हे काम राज्यातील विद्यापीठांनाच करावे लागेल. महाराष्ट्र शासन बाबासाहेबांचे लेखन व भाषणांचे खंड १९७९ पासून प्रकाशित करत आले आहे. तरीही लाखो प्रती छापायचे ठरवून फार थोड्याच छापल्याची बातमी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मागणी होती, पैसा होता, वाचक होता. तरी पुस्तक वाचकाच्या हाती नव्हते.

तिसरा मुद्दा पैशांचा. तीन वर्षांचे सहा हजार कोटी १ कोटी ८० लाख लोकांत वाटले, तर माणशी वर्षाला साधारण १,१०० रुपये होतात. सरकार हे पैसे प्रकाशकांना देते. आता विद्यार्थ्याच्या हातात काय पडते ते पाहू. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये ठरलेले आहेत, म्हणजे महिन्याला पाच हजार. शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय-अभियांत्रिकीला वर्षाला पाच हजार, इतर शाखांना दोन हजार. चांगले संदर्भ पुस्तक पाचशे-सातशे रुपयांना येते. दोन हजारांत तीन-चार पुस्तके होतील. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची पुस्तक पेढी योजनाही मुळात वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी, विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आखली गेली. बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुलीने पुस्तक कुठून आणायचे? तिला ग्रंथालयाशिवाय दुसरा मार्ग नाही.

चौथा मुद्दा जागेचा. दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहतात, घरी टीव्ही चालू, बहिणीला स्वयंपाकात हात लावायचा. अशा घरातल्या मुलांना पुस्तकाइतकीच टेबल-खुर्चीची गरज असते. ही गरज ओळखून सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्त्यावर खासगी अभ्यासिकांचा धंदा उभा राहिला. महिन्याचे पैसे भरायचे आणि खुर्ची भाड्याने घ्यायची. सार्वजनिक वाचन कक्ष अपुरे पडतात तेव्हा हे भाडे स्वाधारच्या त्याच पाच हजारांतून जाते. जेवणातून कापून खुर्ची घ्यावी लागते. वस्तीतल्या विहारांनी अभ्यासिका चालवल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. पण विहार विद्यापीठाची जबाबदारी उचलू शकत नाही.

काही जण म्हणतात, आता सगळे मोबाइलवर मिळते, ग्रंथालय कशाला? नॅशनल डिजिटल लायब्ररी, शोधगंगा ही खरोखर मोफत आणि उपयोगी साधने आहेत, ती वापरलीच पाहिजेत. पण नेमके काय शोधायचे, कोणता संदर्भ विश्वासाचा, प्रबंधाची सूची कशी करायची, हे शिकवायला माणूस लागतो. त्या माणसाला ग्रंथपाल म्हणतात. ज्याच्या घरी पदवीधर आई-बाप आहेत त्याला हे घरी कळते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते ग्रंथपालाकडूनच कळू शकते. म्हणून ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवणे ही केवळ काटकसर नसते, तिचा भार सर्वांत मागे असलेल्यावर पडतो. नव्या शैक्षणिक धोरणात संशोधन प्रकल्पांवर भर आहे. प्रकल्प सक्तीचा आणि ग्रंथपाल नाही, हे गणित कोणासाठी अवघड जाणार हे वेगळे सांगायला नको.

मग करायचे काय? आमच्या मते पाच गोष्टी मागायला हव्यात. संलग्न महाविद्यालयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठामार्फत ई-साधनांचे लॉगिन, आणि तेही आवाराबाहेरून चालणारे. परीक्षेच्या काळात रात्री उशिरापर्यंत वाचन कक्ष, मुलींच्या सुरक्षित परतीच्या व्यवस्थेसह. कला, वाणिज्य शाखेसाठी पुस्तक पेढी. मराठी नियतकालिकांचे, विशेषतः आंबेडकरी चळवळीच्या पत्रांचे, सर्वांना खुले डिजिटल दालन. आणि मंजूर ग्रंथपाल पदांची वेळेत भरती.

मागण्या कुठे मांडायच्या तेही समजून घेऊ. विद्यापीठाचे वार्षिक अंदाजपत्रक अधिसभेपुढे येते. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांतून दहा प्रतिनिधी निवडून जातात, त्यांत एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव असते. पण मत द्यायला पदवीधर म्हणून नोंदणी करावी लागते. आपल्या वस्तीत पदवीधर किती आणि नोंदणी केलेले किती, हे प्रत्येक मंडळाने मोजावे. दुसरे साधन माहिती अधिकाराचे. आपल्या महाविद्यालयाने ग्रंथालय शुल्क किती गोळा केले आणि पुस्तकांवर किती खर्च केले, एवढे दोन आकडे मागितले तरी बरेच चित्र स्पष्ट होईल. तिसरे, झेरॉक्सला घाबरू नका. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठी पुस्तकांतील उताऱ्यांचे संच काढणे कॉपीराइट कायद्याच्या चौकटीत बसते असे म्हटले आहे.

डिसेंबर २०२७ ला योजनेची तीन वर्षे संपतील. पुढे काय, याची चर्चा त्याआधीच सुरू होईल. त्या चर्चेत प्रकाशक असतील, कुलगुरू असतील, अधिकारी असतील. संलग्न महाविद्यालयातला मराठी माध्यमाचा विद्यार्थी तिथे असेल का, हे आपण या दोन वर्षांत काय करतो त्यावर ठरेल. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आहे. शिकण्यासाठी पुस्तक हाती लागते, आणि ते मिळवण्यासाठी पुढचे दोन शब्दही लागतात.

जय भीम!