ओठ मिटलेला हॅम्लेट

तिसरी घंटा | सूत्रधार

एल्दार रियाझानोव्हचा 1966 सालचा एक विनोदी चित्रपट आहे. नावाचा अर्थ ‘मोटारीपासून सावध’. युरी देतोच्किन हा भोळसट विमा एजंट लाचखाऊंच्या मोटारी चोरतो, विकतो आणि पैसे अनाथाश्रमांना देतो. रात्री एक वाहतूक पोलीस मोटारसायकलवरून त्याच्या मागे लागतो आणि आपण हसू लागतो. देतोच्किन झालाय इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की, पोलीस झालाय गेओर्गी झ्झोनोव्ह.

हे दोघे पूर्वी एकाच नाटक मंडळीत होते. गाव नोरिल्स्क. उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडचं, कैद्यांच्या कष्टांवर उभं राहिलेलं. झ्झोनोव्ह छावणीची शिक्षा भोगून पुन्हा हद्दपार झालेला. स्मोक्तुनोव्स्की मात्र आपल्या पायांनी तिथे गेला. त्याचा हिशेब सरळ होता: नोरिल्स्कहून माणसाला आणखी कुठे पाठवणार?

त्याचा गुन्हा काय? तर तो जिवंत परत आला. 1925 साली तोम्स्कजवळच्या खेड्यात जन्मलेला हा पोरगा 1943 मध्ये कुर्स्कला लढला, नीपर नदी ओलांडली आणि डिसेंबरात कीवजवळ जर्मनांच्या हाती सापडला. महिन्याभरात निसटला. एका युक्रेनी शेतकरी कुटुंबाने त्याला लपवलं. मग तो गनिमी तुकडीत गेला आणि तिथून पुन्हा सैन्यात. पण स्टालिनच्या राज्यात शत्रूच्या कैदेत राहिलेल्या माणसावरचा संशय पुसला जात नसे.

पुढे गावोगावची नाटकं झाली, मॉस्कोतल्या नाट्यगृहांचे नकार झाले. 1957 च्या 31 डिसेंबरला मात्र लेनिनग्राडला तोवस्तोनोगोव्हने बसवलेल्या ‘इडियट’चा पहिला प्रयोग लागला आणि त्याने साकारलेल्या प्रिन्स मिश्किनने शहराला वेड लावलं. तालमीत तो मिश्किन काही केल्या सापडत नव्हता. मग स्मोक्तुनोव्स्कीला फिल्म स्टुडिओच्या गर्दीत एक माणूस दिसला. भोवती गलका चाललेला आणि हा उभ्या उभ्या शांतपणे पुस्तक वाचतोय. नंतर कळलं, गृहस्थ अनेक वर्षं छावणीत काढून आलेले. मिश्किन असा मिळाला.

1964 साली ग्रिगोरी कोझिन्त्सेव्हने ‘हॅम्लेट’ केला. भाषांतर पास्तरनाकचं, संगीत शोस्ताकोविचचं. त्यातल्या राजवाड्यात कोण कुठून ऐकतंय याचा नेम नाही. पहिलं स्वगत येतं तेव्हा हॅम्लेट दरबाऱ्यांच्या गर्दीतून चालतोय. ओठ मिटलेले. स्वगत फक्त आपल्याला ऐकू येतं, शेजारून जाणाऱ्याला नाही. चित्रपटाची ती एक युक्ती, असं म्हणून सोडून देता येईल. पण मनातलं चेहऱ्यावर न दिसू देता गर्दीतून कसं चालायचं, हे या नटाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणून मला आपल्या एका सवयीबद्दल बोलायचंय. आपण अभिनय आवाजावर मोजतो. फेक कशी आहे, टाळीचं वाक्य कसं घेतलं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का. स्मोक्तुनोव्स्की बोलताना मध्येच अडखळतो, वाक्य जवळजवळ स्वतःशीच पुटपुटतो. आणि आपण खुर्चीत पुढे सरकतो. जे दाखवलं त्यापेक्षा जे राखून ठेवलं, ते त्याचं भांडवल. तालमीत आवाज कमावता येतो, राखून ठेवण्याजोगं काही मात्र आयुष्यातूनच यावं लागतं. म्हणून नटाने दुःख शोधत हिंडावं असं मी म्हणणार नाही. वाट्याला आलेलं उधळू नये, इतकंच.

ज्या व्यवस्थेने त्याला संशयित ठरवलं, तिनेच 1965 साली याच हॅम्लेटसाठी त्याला लेनिन पारितोषिक दिलं. मोटारींच्या त्या चित्रपटातला देतोच्किनही हौशी मंडळीच्या नाटकात हॅम्लेटच करतो आणि त्याला पकडायला निघालेला तपास अधिकारी त्याच नाटकात लेआर्टीस होतो. तो अधिकारी साकारणारा ओलेग येफ्रेमोव्ह. दहा वर्षांनी, 1976 मध्ये, याच येफ्रेमोव्हने स्मोक्तुनोव्स्कीला मॉस्को आर्ट थिएटरमध्ये आणलं आणि चेखॉवचा ‘इवानोव्ह’ दिला.

स्मोक्तुनोव्स्की 3 ऑगस्ट 1994 रोजी गेला. त्याच्या नावे निघालेलं युद्धातलं एक शौर्यपदक कुठेतरी अडकून पडलं होतं. ते जिवंतपणीच त्याच्या हातात पडलं, पण 49 वर्षांनी, त्याच आर्ट थिएटरच्या रंगमंचावर.