'सेम' म्हणणं बंद करा



पहिल्यांदा मोठ्या हाटेलात बसलो तेव्हा मी एकच इंग्रजी शब्द बोललो: 'सेम'. मित्रानं काय मागवलं ते कळलं नव्हतं. मेन्यूकार्ड वाचता आलं, पण उच्चार चुकला तर? वेटरनं माझ्याकडं बघितलं आणि मी म्हटलं, सेम. जे आलं ते मुकाट गिळलं. मोर्चात घोषणा देऊन फाटलेला माझा आवाज एका पुठ्ठ्यापुढं बसला!

'एटिकेट' हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ चिठ्ठी, लेबल. माणसावर लेबल चिकटवायचा धंदा आपल्याला नवा नाही. इंग्रजांनीही तो भोगलाय. १०६६ नंतर नॉर्मन तिथं धनी झाले. गोठ्यातली 'काऊ' राखणाऱ्याच्या इंग्रजीत राहिली, ताटातलं 'बीफ' धन्याच्या फ्रेंचमधून आलं. राबणाऱ्याची भाषा गोठ्यात, खाणाऱ्याची टेबलावर.

तेव्हा टेबलावरची भाषा शिकायचीच. 'गिव्ह मी' नको, 'आय विल हॅव' म्हणा. पदार्थ कळला नाही तर 'व्हॉट इज इन इट?' बिनधास्त विचारा. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. जेवण झालं की दोन्ही ताटात शेजारी-शेजारी ठेवा, वेटर समजतो. रोटी मात्र हातानंच तोडा. शेवटी 'कुड वी हॅव द बिल, प्लीज?' त्यात सर्व्हिस चार्ज परस्पर लावला असेल तर काढायला लावा. तो सक्तीनं घेता येत नाही, हे दिल्ली हायकोर्टानं २०२५ मध्ये सांगितलंय. एवढं आठ दिवसांत येतं.

पण भ्रमात राहू नका. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनला शिकून बडोद्यात नोकरीला गेले. इंग्रजी कमी होतं का त्यांचं? तरी राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन पारशी सरायीत राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. सुरी-काट्यानं जात कापली जात नाही. हाटेलाचं दार उघडलं घटनेच्या कलम १५ नं. त्यात उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि त्यामागं १९२७ चं चवदार तळं आहे.

म्हणून इंग्रजी शिका ती ऑर्डर द्यायला. आत येण्याची परवानगी मागायला नव्हे.

आणखी एक. टेबल पुसणारा पोरगा बहुतेक आपल्यासारख्याच वस्तीतला असतो. 'एक्स्क्यूज मी', 'थँक यू' पहिल्यांदा त्याला म्हणा. आपले बाप 'ए' ऐकत म्हातारे झाले. खुर्ची मिळाल्याबरोबर तोच 'ए' आपल्या तोंडून निघाला, तर काटा कितीही नीट धरा, लेबल आपणच चिकटवलं!

पुढच्या पगाराला जा. ताठ बसा. काय खायचं ते स्वतः सांगा.