आधी पाहा, मग पारखा

कॅथलिक युवा चळवळीचा हेतू पोरांना चर्चशी बांधून ठेवणे एवढाच, असा समज आपल्याकडे रुजला आहे. तिचा उगम मात्र वेगळेच सांगतो. बेल्जियमचे जोसेफ कार्डिन सेमिनरीतून सुटीवर घरी आले, तेव्हा कारखान्यांत राबणारे जुने शाळासोबती त्यांना परके मानू लागले होते. चर्च मालकांच्या बाजूचे, अशी त्यांची भावना. हे अंतर मिटवण्यासाठीच १९२५च्या सुमारास ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ चळवळ आकाराला आली. तिथे सुरुवात प्रवचनाने नव्हे, प्रश्नांनी होई: पगार किती, काम किती तास, मुकादम शिकाऊ मुलींशी कसा वागतो? मग सुवार्तेच्या कसोटीवर पारख, आणि शेवटी झेपेल अशी कृती.

हे राजकारण आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण १९६१मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी आपल्या परिपत्रकात हीच पद्धत उचलून धरली. वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, ते श्रद्धा बाजूला ठेवून नव्हे. विहिरी आटत असताना तरुणांना नुसती प्रार्थना करा म्हणणे, यातच श्रद्धेची खरी हानी आहे. आमच्या युवा मंडळांनी क्रीडास्पर्धा जरूर भरवाव्यात. त्याआधी लोकलने कंत्राटी कामावर जाणाऱ्या आपल्याच सवंगड्यांच्या पगाराची चौकशी करावी.